उगवतीकडं पाय

उभा जन्म सरकारी नर्स म्हणून काढला मी. माणूस जाताना इतक्यांदा जवळून पाहिलंय की भूत-बित मानायला सवडच मिळाली नाही. बरोबरीच्या मुली चिडवायच्या, "रूथ, तुमच्यात मेलेले उठणार म्हणतात, आणि तुला भूत तेवढं खोटं होय गं?" मी म्हणायचे, उठतील तेव्हा उठतील, आजवर तरी माझ्या वॉर्डात कुणी उठलेलं नाही! तर अशा बाईची ही हकीकत आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. माझी बदली उदगीरहून रेणापूरच्या पुढच्या एका खेड्यातल्या उपकेंद्रात झाली. दवाखान्याच्या पाटीवर 'जि. उस्मानाबाद' रंगाने झाकून वर 'लातूर' लिहिलेलं होतं, पण उन्हाने रंग उडाला की जुनं नाव पुन्हा डोकं वर काढायचं. बरोबर आई होती. बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली, मी बिनलग्नाची. अख्ख्या पंचक्रोशीत ख्रिस्ती म्हणून आम्ही दोघीच.

त्यात दुष्काळ. विहिरींचा तळ दिसायला लागलेला, टँकर आला तर आला. आई मात्र रोज संध्याकाळी चटई टाकून प्रार्थनेला बसायची आणि आभार मानायची. एकदा मी वैतागले. "आई, कसले आभार? दोन दिवस घागर कोरडी आहे. मला तर देवाचा रागच येतो."

"येऊ दे की," आई म्हणाली. "रागावतीस म्हंजे त्याच्यासंगं बोलतीस तरी. गप बसलीस तर मला काळजी हाय."

तिचं हृदय थकलेलं होतं. औषधं मीच देत होते, त्यामुळे किती दिवसांची सोबत आहे याचा अंदाज होता. तिलाही होता. तिचं मागणं एकच. "रूथ, मला नीट माती दे. डोकं मावळतीला, पाय उगवतीकडं. प्रभू येईल तवा उठून बसले की तोंड त्याच्याकडं पायजे."

आमच्यात ही रीतच आहे. आणि उदगीरच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, आणखी एक रीत होती... कबर भाड्याच्या माणसाकडून खणायची नाही, मंडळीतल्या पुरुषांनीच खणायची. माझे बाबा पहार खांद्यावर टाकून सगळ्यांच्या आधी हजर असायचे. त्यांची एक सवय होती. डोक्याच्या बाजूला ते थोडी माती न खणता तशीच ठेवायचे, उशीसारखी. लोक हसायचे. बाबा म्हणायचे, "हसा. तुमाला बी लागंल."

पण या गावात मंडळी कुठली? मी आईला म्हणाले, "इथं कोण खणणार गं?" ती डोळे मिटून म्हणाली, "हाय की माणूस." मला वाटलं, ग्लानीत बोलतेय.

चैत्रातल्या एका सकाळी, माझा हात हातात असताना, आई गेली.

पोस्टातून उदगीरला फोन लावला. चर्चचे पाळकसाहेब परगावी, उद्याशिवाय येणं नाही. आणि त्या उन्हात उद्यापर्यंत थांबणं शक्यच नव्हतं, हे नर्सला कुणी सांगायला नको. गावात प्रत्येकाची माती ठरलेली होती. लिंगायतांची वेगळी, मुसलमानांची वेगळी, बौद्धांची ओढ्यापलीकडे. आमची कुठेच नव्हती. मी आईपाशी बसून राहिले. इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं, नंतरही नाही.

शेवटी किराणा दुकानवाले अप्पा दारात आले. लिंगायत, कपाळाला भस्म, बोलणं मोजकं. "शिस्टर, आमच्या रानात बांधाकडंला लिंबाचं झाड हाय. तिथं ठिवा आईला. कोन काय म्हनतंय ते मी बघतो." बायाबापड्या घरातला एकेक तांब्या पाणी घेऊन आल्या. त्या दिवसांत तांब्याभर पाणी म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. त्या पाण्याने आईला आंघोळ घातली.

खणायला अप्पांनी चाँदमामूंना बोलावलं. कब्रस्तानातल्या कबरी तेच खणायचे. कुठल्या दिशेला खणायचं हे सांगायचंच मी विसरले, डोकं ठिकाणावर नव्हतं. मामू जाऊन तासाभरात घामाघूम होऊन परत आले. "शिस्टर, कुदळ लगतीच नै. ऊपर की मिट्टी फटेली, नीचे मुरूम एकदम लोहा. धूप उतरने दो, पहार और दो आदमी लेके जाता मैं." ते घरी जाऊन पडले. अप्पा माझ्या दारातच बसून होते. रान तिथून नजरेच्या टप्प्यात, पण उन्हामुळे कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

ऊन कलल्यावर आईला तिच्या चर्चच्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळून सगळे निघालो. लिंबाखाली पोचलो आणि पुढे चालणारे मामू थबकले.

त्यांनी मघाशी उकरलेली वीतभर खोल रेघ तशीच होती, त्यांच्या रीतीने उत्तर-दक्षिण. आणि तिच्या शेजारी कबर तयार होती. पुरी छातीइतकी खोल, कडा साफ तासलेल्या, मुरूम एका बाजूला नीट रचलेला. पूर्व-पश्चिम.

"मामू, येवढं कधी खांदलं?" अप्पांनी विचारलं.

"मैं नै खोद्या, अप्पा. अल्ला की कसम. हमारे में ऐसी आडी नै मारते."

अप्पा माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या लिंगायतांत बसवून पुरतात, खड्डाच वेगळा असतो. मी कुणाला दिशा सांगितली नव्हती. सांगितली असती तरी तो मुरूम भर दुपारी खणणार कोण? पहारीचा आवाजही कुणी ऐकला नव्हता.

आईला हातांवर घ्यायला मामू खाली उतरले. मावळतीच्या टोकाला वाकून त्यांनी हाताने चाचपलं आणि वर बघून म्हणाले, "शिस्टर... ये मिट्टी का तकिया किसने रख्या?"

मी वाकून पाहिलं. डोक्याच्या जागी माती न खणता ठेवलेली होती. उशीसारखी. सकाळपासून डोळ्यांतून टिपूस निघाला नव्हता, तो तिथे बांध फुटला. मी त्या ढिगाऱ्यावर बसून लहान पोरीसारखी रडले.

मग शास्त्रवचन मीच वाचलं, प्रार्थना मीच केली. "आमेन" म्हणायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. अप्पांनी हात जोडले, मामूंनी हात उघडे धरले, आणि सगळ्यांनी एकेक मूठ माती दिली.

नंतर मी शोध घेतला, अगदी हट्टाने. जवळच दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडणारी माणसं होती. त्यांच्यातल्या कुणाला दया आली असेल, म्हणून सगळ्यांना विचारून आले. एकजण चिडून म्हणाला, "बाई, सायबाचं काम उरकंना, फुकटचा खड्डा कोन खांदून राहिलाय?" दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले, त्यांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पहार कुठं आहे तुझ्या बाबांची?" ती उदगीरच्या घरी कुलपात होती. आम्ही जाऊन पाहिली. गंजलेली, जाळ्यांनी भरलेली, जिथल्या तिथे.

म्हणजे हेही उत्तर नाही. माझ्याकडे आजही उत्तर नाही आणि कुणी काढून दिलं तर ऐकायची तयारी आहे.

मी आता रिटायर होऊन लातूरला एका खोलीत राहते. मागेपुढे कुणी नाही. संध्याकाळी चटई टाकते, आईसारखे आभार मानायचा प्रयत्न करते, कधी कधी रागावतेही. शेजारीण परवा काळजीने म्हणाली, "मावशी, तुमचं शेवटचं कोन बघनार हो?"

माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "हाय की माणूस."