साडूंचा डावा अंगठा

जग अंगठ्याने ओळखणारा माणूस पुण्यात आता एकच उरला असावा, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान वारज्याला राहतात. हडपसरच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करता करता निवृत्त झाले. माणूस डावखुरा. कुठलाही सुटा भाग मापाला लावायच्या आधी ते त्याच्या कडेवरून डावा अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "परत पाठवा." मग मापही तेच सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. मापाची बाजू मी ऐकलेली नाही. नोकरी संपली, पण अंगठा निवृत्त व्हायला तयार नव्हता. आमच्याकडे आले की ताटाची कड, खुर्चीचा हात, फ्रिजच्या दाराचं रबर, सगळ्यावरून तो फिरून यायचा. आम्ही नवा सोफा घेतला तेव्हा बायको कौतुकाची वाट बघत उभी होती. यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या बसण्याला पुरेल." आता त्या अंगठ्याचंच काही खरं राहिलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

अशा माणसाला मुलीने वाढदिवसाला हातात धरून खेळायचा एक छोटा गेम कन्सोल दिला. घरात शांतता नांदावी एवढाच तिचा हेतू. त्यांनी बटणांवरून अंगठा फिरवला, "परत पाठवा" म्हणाले आणि स्वतःच दुसरा मागवला. मग तिसरा. दुकानात मिळणारा तर एकही नाही. कुठल्यातरी लहानशा कंपनीने हौसेने थोडेसे काढलेले, कुरियरवाल्यालाही काय आणलंय ते न कळणारे. एक साबणाच्या वडीसारखा उभा, एक पावडरच्या डबीसारखा मिटणारा, एक पोह्यांच्या बशीसारखा पसरट. एकाला तर कडेला चक्क फिरवायचा दांडा. मला वाटलं, यात शेवया पडतात.

माझा गोंधळ असा, की या सगळ्यांवर साडू खेळ मात्र एकच खेळायचे. एक बकरी डोंगराच्या कड्यांवरून उड्या मारत वर जाते, एवढाच. मी धीर करून विचारलं, "अहो, बकरी तीच, डोंगर तोच, मग यंत्रं कशाला इतकी?"

"पोळी तीच असते, म्हणून प्रत्येकाच्या घरची सारखी लागते का?" ते म्हणाले. मला सगळ्यांच्या घरची सारखीच लागते, पण शेजारी बायको बसली होती.

मग शिकवणी सुरू झाली. डाव्या हाताला अधिकच्या चिन्हासारखं बटण असतं, त्याला डी-पॅड म्हणायचं. बकरी चालते ती त्याच्यावर. जॉयस्टिक म्हणजे छोटी डोलणारी काडी, तिच्याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "हा डी-पॅड ऐकतो. हा ऐकून घेतो. आणि हा बघा, नुसता ऐकल्यासारखं करतो." मग मला डोळे मिटायला लावून एकेक हातात द्यायचे.

"फरक कळला?"

"हो, हो. हा जरा... गार आहे."

"टीव्हीचा रिमोट आहे तो."

खंडेनवमीला त्यांच्याकडे पूर्वी पाने-पक्कड पुजायचे, आता पाटावर हे कन्सोलही मांडतात. यंदा ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. कन्सोलचं कपाळ कुठे असतं हे कोणाला ठाऊक? त्यांनी डी-पॅडचा मध्य धरला. दुसऱ्या दिवशी साडूंचा सगळ्यात लाडका, तो मिटणारा, बिघडला. बकरी उजवीकडे जाई, डावीकडे वळेना.

"कुंकू आत गेलंय!"

"शस्त्राला कुंकू नाही लावायचं तर काय ग्रीस लावायचं?" ताई म्हणाल्या.

"पात्याला लावा ना. मुठीत कशाला भरता?"

त्यांनी तो कन्सोल उघडला, ब्रशने पुसला, पुन्हा जोडला. बकरी वळेना. आणखी एकदा उघडला. ताई बिचाऱ्या स्वयंपाकघरातून, "जरा कापडाने पुसून बघा, मी चिमूटभरच वाहिलं होतं," असं अपराधी आवाजात सांगत राहिल्या. रविवारी आम्ही गेलो तेव्हा टेबलावर स्क्रू पसरलेले होते आणि साडू कोणाशी बोलत नव्हते. काहीतरी करावं म्हणून मी स्क्रूंशिवाय नुसताच जोडून ठेवलेला तो कन्सोल उचलला आणि डावीकडे दाबलं. बकरी वळली. पुन्हा दाबलं, पुन्हा वळली.

"झाला की दुरुस्त!" मी ओरडलो. या घरात माझ्या हातून पहिल्यांदाच काही बरोबर झालं होतं.

साडूंनी तो घेतला, दाबलं. बकरी उभीच. पसरट घेतला, उभा घेतला, सगळ्यांवर तेच. मग ते अंगठ्याकडे बघत राहिले. ताईही बघत होत्या, आणि कुंकवाबद्दल त्यानंतर कोणीच बोललं नाही.

सांध्याची झीज आहे, असं डॉक्टर म्हणाले. शेक द्या, मलम लावा, पट्टा बांधा आणि बटणं दाबणं बंद. ताकद परत येईल का, या प्रश्नावर त्यांनी "बघू" म्हटलं. हा शब्द साडूंनी कारखान्यात कधी चालवून घेतला नव्हता.

हल्ली रविवारी मीच जातो. ते एकेक कन्सोल माझ्या हातात देतात आणि विचारतात, "कसा वाटतो?" मला अजूनही कशातलं काही कळत नाही. पूर्वी मी काहीही बोललो तरी ते मोडून काढायचे, आता माझं म्हणणं ऐकून मान हलवतात. याचाच मला जास्त त्रास होतो. परवा म्हटलं, "खरं सांगू? मला सगळे सारखेच वाटतात." ते म्हणाले, "असू द्या. खेळा तुम्ही."

मी खेळायला लागलो. ते शेजारी बसले होते, पट्टा बांधलेला हात मांडीवर. मोठा कडा आला. उडी कधी मारायची, कुठे वळायचं, माझा गोंधळ उडाला. तेवढ्यात मांडीवर त्यांचा अंगठा जरासा डावीकडे सरकला. ते पाहून मी दाबलं.