प्रस्थानाला ठेवलेलं भिंग

शेठजी म्हणाले, एकच पेटी न्यायची. माझं डोकंच फिरलं. एका पेटीत कॅमेरा, फोटो उमटवायच्या काचा, रसायनं, आणि मी नेसायचं काय? कल्याणला तांदळाची वखार असलेले हे शेठ आगबोटीनं झांजीबारला निघाले होते. तिथल्या पेढीचे फोटो काढायला त्यांना माणूस हवा होता, आणि ठाण्यात फोटोचं खूळ डोक्यात घेतलेला रिकामटेकडा मीच एक. वडील लहानपणीच गेलेले. घरात मी नि आई, दोघंच.

मोठा कॅमेरा आधी बाद केला. त्याच्या एकट्याच्याच दोन पेट्या झाल्या असत्या. लहान घेतला. काचा कमी नेऊन तिथे काय माशा मारायच्या? म्हणून धोतरं कमी केली. काचांभोवती गुंडाळायला आईनं आपली जुनी, मऊ लुगडी काढून दिली. समुद्र ओलांडणं तिला पसंत नव्हतं, पण 'जाऊ नको' असं ती एकदाही म्हणाली नाही. नुसती शेजारी बसून प्रत्येक पुडा हातात घेई.

"आत आहे काय, बघू तरी!"

"अगं, उघडू नकोस! उजेड लागला की संपलं सगळं."

"बघायचीसुद्धा सोय नाही, असली वस्तू एवढ्या लांब कशाला न्यायची मेली?"

राहिलं भिंग. लहान कॅमेऱ्याला बसणारं माझ्याकडे एकच होतं, आणि त्याच्याशिवाय सगळी पेटी म्हणजे नुसतं खोकं. दुसरं मागवायचं तर विलायतेहून यायला महिने लागणार.

बोट सुटायच्या दिवशी मुहूर्त नव्हता. जोशीबुवांनी चार दिवस आधीचा काढून दिला. अशा वेळी आमच्यात प्रस्थान ठेवतात. जाणाऱ्याची एखादी वस्तू, तांदूळ आणि सुपारीबरोबर बांधून, मुहूर्तावर शेजारी नेऊन ठेवायची, म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मग ती घरी परत आणायची नाही, जाताना तिथूनच उचलायची. आई म्हणाली, उपरणं दे. मी मोठा शहाणा! म्हटलं, उपरण्यात भिंगच बांध, निघेपर्यंत सांभाळून राहील. आईनं ते शेजारच्या काकूंच्या आतल्या काळोख्या खोलीत, कोनाड्यात, स्वतःच्या हातानं ठेवलं.

काकूंची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. किती दिवस भरलेत, हे पुरुषांनी विचारायचं नसतं, म्हणून मी विचारलं नव्हतं. निघायच्या आदल्या सकाळी शेजारून तान्ह्याचं रडणं ऐकू आलं. बाळंतिणीची खोली नेमकी तीच! दहा दिवस सोयर, आणि पुरुषाला आत पाऊल टाकायची बंदी.

मी अंगणातूनच ओरडलो, "काकू, तेवढं गाठोडं बाहेर द्या! विटाळबिटाळ मी नाही मानत."

काकू दारात आल्या. "तू नसशील मानत, मला मानायला हवं ना? तुझ्या आईनं ठेवलंय, तिला पाठव. तिच्या हाती देते. वाटेत तुला काही झालं तर जन्मभर माझ्या नावानं खडे."

मी आईचे पाय धरले. "आई, एक आंघोळ जास्त होईल, एवढंच. घेऊन ये ना गं."

"बघते," म्हणाली आणि गेली. ओसरीवर येरझारा घालत मी कान देऊन होतो. आतून तिचं हसणं ऐकू येत होतं. कितीतरी दिवसांत ती तशी हसली नव्हती. मग मागच्या विहिरीवर पाणी ओतल्याचा आवाज झाला. ओलेत्यानं ती आत आली. हात रिकामे.

"मुलगा झालाय. गोरापान आहे हो!"

"आई, भिंग?"

"पानं घेते," ती म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात गेली. घुसलो असतो तर अडवणारं कोण होतं? काकूंच्या दाराला तर कडीसुद्धा धड नव्हती. पण बाळंतीण किंचाळली असती, आळी गोळा झाली असती, आणि आईला परत तिथे तोंड दाखवायला जागा उरली नसती. हे मला ठाऊक होतं, आणि मला ते ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक होतं. बांधलेल्या पेटीवर मी दिवसभर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी शेठजी मुंबईतल्या कोणा दुसऱ्यालाच घेऊन बोटीवर चढले.

बारसं झाल्यावर काकूंनी गाठोडं आणून दिलं. आईनं ते सोडलं, भिंग पदरानं पुसून माझ्या हातात ठेवलं आणि तांदूळ घेऊन चुलीकडे गेली. दुपारी तिनं पानात वाफाळलेली मूद वाढली.

"हे त्या गाठोड्यातले?" मी विचारलं.

"हो. टाकायचे कशाला?"

"बाळंतिणीच्या खोलीतले ना गं?"

"कोरड्याला कसला रे विटाळ!" असं म्हणून तिनं वर तुपाची धार धरली.

भिंग तरी कुठे ओलं होतं? शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. समोर ती पंखा घेऊन वारा घालत बसली होती. मला रडू फुटलं, ते तिला दिसू नये म्हणून मी पानावर खाली वाकलो आणि जेवत राहिलो.