हवावाली काकू

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते कुरडया घालायचं. खुर्सीपारच्या आमच्या गच्चीवर, ऊन चढायच्या आत. सोऱ्या मी दाबत होतो, कारण बायकोच्या मनगटात जोर राहिला नव्हता. हुकूम मात्र तिचाच. "मधी थांबू नका. प्लांटात बी असंच करत होते का?"

मी जिथं नोकरी केली त्या पोलादाच्या प्लांटच्या धुराड्याकडे पाहिल्याशिवाय ती ओलं काही वाळत घालत नसे. धूर दुर्ग शहराकडे कलला तर चीक शिजवायचा, आपल्याकडे कलला तर नाही. वस्तीतल्या बाया खालून विचारत, "हवावाली काकू, आज पापड घालू का?"

ही विद्या ती नुकसान करून शिकली. लग्न करून वर्ध्याकडच्या खेड्यातून तिला सेक्टर दोनमधल्या प्लांटच्या क्वार्टरात आणलं. पहिल्या उन्हाळ्यात तिनं गावच्या सवयीनं नुसतं ऊन पाहून कुरडया घातल्या. संध्याकाळी पाहते तर धुरातल्या धुळीनं सगळ्या विटकरी. रडली नाही. तळून मलाच वाढल्या. "तुमच्या प्लांटच्या हायेत, खाऊन घ्या."

कोणती भट्टी कधी पेटली, कोण मंत्री आला, हे साहेब लोक लिहून ठेवतात. तिचा हिशेब वेगळा. नवी भट्टी पेटली ते साल तिच्या लेखी पापड लवकर उचलायचं साल. छत्तीसगड झालं तेव्हा बाहेर फटाके फुटत होते. मी म्हटलं, आता आपण मध्य प्रदेशातले राहिलो नाही. ती म्हणाली, "या उन्हाळ्यात पोरगी बाळंतपणाले आली अन् डबाभर कुरडया संपल्या. तेच साल हे." अजून कोणी राज्याचं वय विचारलं तर मी आधी नातवाचं वय आठवतो.

एक गोष्ट मला टोचत होती. रिटायर झाल्यावर गावाकडे जायचं ठरलं होतं. मी परस्पर खुर्सीपारला हे घर घेतलं, तिला विचारलं नाही. ती काही बोलली नाही, म्हणून जास्तच टोचायचं. त्या सकाळी सोऱ्या धुता धुता विचारून टाकलं. "तुले गावाले नेलं नाही मी. राग हाय का मनात?"

ती चादरीच्या कोपऱ्यांवर विटा ठेवत होती. "कावून? गावाले धुराडं हाय का? वारा कसा समजन मले तिथं?" मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इतक्या वर्षांनी इचारून राहिले. जा, चहा ठेवा."

चहा मी ठेवला. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. पोरगी दुर्गाहून आली, संध्याकाळी नदीवर सगळं उरकलं. मी रडलो. पण छातीवरचा दगड उतरला होता, खोटं कशाला बोलू. विचारलं नसतं तर तो तसाच राहिला असता.

दुसऱ्या सकाळी शेजारीण म्हणाली, "काका, सुतक हाय. वरच्या कुरडया टाकून द्या."

मी गच्चीवर गेलो. आधी धुराड्याकडे पाहिलं. धूर दुर्गाकडे होता. मग खाली बसून एकेक कुरडई उलटी केली.