आईला बसवून घेतलेलं माप

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी आईला प्रवासाची परवानगी दिली, तेव्हा तिनं एकच ठिकाण सांगितलं. कुहीजवळच्या गावातलं तिच्या मोठ्या बहिणीचं घर. अडचण आमच्या गाडीची होती. ती उंच होती. पहिल्या दिवशी मी आणि शेजाऱ्यांनी आईला दोन्ही बाजूंनी उचलून आत बसवलं. गल्लीच्या टोकाला ती म्हणाली, "वापस घे."

"काहून?"

"मी काय तांदळाचं पोतं आहो का गा? बहिणीच्या दारात असं उतरवशील मले?"

दुसऱ्या दिवशी ती भिंतीशी उभी राहिली आणि तिनं पाय उचलला. तो जिथवर सहज गेला तिथं मी भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. आईनं आयुष्यभर शिवणकाम केलेलं, त्यामुळे टेप तिनंच लावला. गाडीत पाय ठेवायची जागा त्या खुणेपेक्षा दोन इंच वर होती.

मी एका गॅरेजमध्ये आखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या. गाडी दोन इंच खाली आली. आई दाराची कड धरून स्वतः आत बसली. पण उमरेड रोडला लागताच गाडी डावीकडे ओढायला लागली. स्टिअरिंग सतत उजवीकडे धरून ठेवावं लागत होतं. आईनं डोक्यावरचं हँडल पकडलं.

"गाडी रस्ता सोडून राहिली," ती थोड्या वेळानं म्हणाली. "माझ्यापायी बिघडली ना? होती तशी उंच करून टाक. येईल बहीण कधीतरी."

बहीण येणार नव्हती. तिला आता फार कमी दिसायचं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी गाडी वळवली.

चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. संगणकावरचे आकडे हिरवे झाले, ओढ तशीच राहिली. चूक सापडली ती दुसऱ्या दुकानातल्या एका वयस्क मिस्त्रीला. त्यानं टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घातली. एका बाजूला चार मावली, दुसऱ्या बाजूला तीन. मग तो गाडीखाली गेला.

"चाकं हवेत लटकलेली असताना दांड्यांचे नट कसून टाकले," तो खालूनच म्हणाला. "आतलं रबर पिळून बसलं. गाडी आपल्या पायावर उभी असली तेव्हाच कसाचं असते. घाईत विसरतात लोक."

त्यानं नट सैल केले, गाडी दाबून दाबून हलवली आणि चाकं जमिनीवर असतानाच ते पुन्हा कसले. उंची कमी केल्यानं चाकं वरून आत झुकली होती, त्यासाठी वेगळे बोल्ट टाकले. मग विचारलं, "डाव्या सीटवर कोण बसते?"

"आई."

"मग त्यायले घेऊन या. रिकाम्या गाडीचं माप रिकाम्या गाडीलेच लागू."

दुसऱ्या दिवशी आई पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसून राहिली. चारी चाकांना यंत्रं लावलेली. ती एक्स-रे काढताना बसावं तशी ताठ होती. मिस्त्रीनं मान वर करून पाहिलं.

"काकू, श्वास घ्या. तेवढ्यानं आकडा हलत नाही."

"पहिलेच सांगाचं ना, भाऊ. केव्हाची रोखून राहिली मी."

रविवारी पुन्हा उमरेड रोड. सरळ पट्ट्यात मी हात क्षणभर सैल सोडले. गाडी आपल्या रेषेत चालत राहिली. आईचा हात हँडलवरच होता. पाचगावच्या पुढे तो खाली आला. तिनं पिशवीतून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरायला घेतली.

बहिणीच्या अंगणात गाडी थांबली. मावशी भिंत चाचपत बाहेर आली आणि आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला.

"थांब वं बाई, पडशील," आई म्हणाली. "मीच येते तुह्याकडे."

तिनं आधी बरा पाय खाली टेकवला, मग दुसरा. मी दार धरून उभा होतो. तेवढंच काम मला होतं.