बाबांच्या नरकातली करटी

बाबांनी नरकावर एक दीर्घ कविता लिहिली होती. ते शाळेत शिकवायचे, पहाटे अभंग म्हणायचे आणि संध्याकाळी समाजवाद्यांच्या सभेला कणकवलीला जायचे. त्यामुळे त्यांच्या नरकात तेलाच्या कढया नव्हत्या. मासे खाणाऱ्यांनाही त्यांनी तिथे धाडलं नाही, नाहीतर आमचा अख्खा गाव गेला असता. तिथे होते कुळांच्या जमिनी लाटणारे, आणि कामाला येणाऱ्यांना खळ्यात बसवून करटीत, म्हणजे नारळाच्या करवंटीत, चहा देणारे. यम त्यांच्या हाती भोक पडलेली करटी देतो आणि ते तहानेने तळमळतात. पण बाबांचा विठ्ठल कुणाला कायमचं टाकणारा नव्हता. शेवटी करटीतून प्यायलेली माणसंच घागरी घेऊन येतात, त्यांना पाणी पाजतात आणि नरक रिकामा होतो. राग बाबांच्या राजकारणाचा, सुटका त्यांच्या भक्तीची.

आमच्याही पडवीच्या वाशात करटी खोचलेली असे. आजीने सुरू केलेलं आईने चालू ठेवलं. बाबा रोज त्या करटीखालून जात. घरात त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. त्यांनी कविता लिहिली आणि गणपतीत चारचौघांपुढे म्हटली. आई आत मोदक वळत ऐकत होती.

आता बाबा नाहीत, आई अंथरुणावर आहे. परवा म्हणाली, "बापाशीचो नरक म्हण रे."

मला तो पाठ आहे. म्हणताना करटीच्या ओळी मी गाळल्या.

"करटी खंय गेली?"

"आठवत नाय."

"खोटा बोलतंस. म्हणजे तुकाय ठावक आसा, करटीत च्या देणारी ती मीच."

मला तिला जपायचं होतं, आणि मीच तिची भीती खरी ठरवली. मग घाईघाईने शेवटचा भाग म्हणून दाखवला, घागरींचा. तिला धीर येईल असं वाटलं.

"म्हणजे थंयसुद्धा त्येंकाच कामाक लावल्यान," ती म्हणाली. "आनी तुझो बापूस समतेचा सांगी."

इतकी वर्षं मला ती सुटका सुंदर वाटत आली होती.

आईने वाडीतल्या एका बाईंना बोलवायला सांगितलं. त्या नवऱ्याबरोबर आमच्याकडे भाताच्या लावणीला यायच्या. आता त्यांचेही केस पिकलेत. त्या आल्या, आईच्या खाटेला लागून खुर्चीवर बसल्या. मी त्यांना कपातून चहा दिला.

"तुका मी करटीत च्या दिलंय," आई म्हणाली.

"दिल्यात. माझ्या घोवाकय दिल्यात. माका लय राग येय."

"येवकच होयो."

त्यांनी "जावंदे" म्हटलं नाही. आईनेही त्याची वाट पाहिली नाही. तिने त्यांना कविता सांगितली, आणि विचारलं, "तू येशीत काय थंय पाणी घेवन?"

"मी कशाक येतंय? माझे गुडघे दुखतत."

"मगे माका कोण देतला?"

बाईंनी चहाचा घोट घेतला. "तुमचो घोव देतलो. ती कविता लिवल्यान कोणी?"

आई हसता हसता खोकू लागली. बाईंनी पुढे होऊन तिची पाठ चोळली.