गौरीबाईचं लिव्हर

"जनावर बोलत न्हाई गड्या, पर रगात लय बोलतं," असं म्हणत तो खिशातून रक्ताची बाटली काढायचा आणि थेट माझ्या चहाच्या कपाला चिकटवून ठेवायचा. तासगाव भागातला हा ढोरांचा सरकारी डॉक्टर. मी सांगलीच्या एका खासगी लॅबोरेटरीत रक्त तपासायचो, माणसांचं. हा फरक त्यानं कधी मानला नाही.

एकदा त्याच्या बाटलीवर नाव होतं 'गौरीबाई'. वयाच्या जागी रेघ. आकडे बघून आमचे मोठे डॉक्टर खुर्चीतून उठले. "लिव्हरची एन्झाइम्स एवढी चढलीत आणि बाई हिंडतेय? दारू पिते का? नवऱ्याला बोलवा!"

"नवरा सरकारी वळू हाय साहेब," हा शांतपणे म्हणाला. "तालुक्याला एकच. लय कामात असतो."

मोठे डॉक्टर तीच बाटली फेकून मारणार होते. पण आकडे पुन्हा बघून त्यांनी विचारलं, "मग गाय पिते तरी काय?"

"पीत न्हाई. मोरचूद खाती."

द्राक्षांवर रोग पडू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी फवारत. ते खालच्या गवतावर गळे आणि तेच गवत गोठ्यात जाई. मोरचुदातलं तांबं लिव्हरमध्ये गुपचूप साठतं. जनावर खातं, दूध देतं, आणि एक दिवस डोळे पिवळे, लघवी लाल, खेळ खलास. आधी पत्ता लागतो तो फक्त रक्तात. गौरीच्या बागायतदार मालकाची एक गाय अशीच गेली होती. त्यानं गोठ्याला लिंबू-मिरची बांधली. गौरी ही दुसरी, तीही गाभण.

रिपोर्ट घेऊन ढोरांचा डॉक्टर त्याच्या बागेत गेला. गंमत बघायला मीही गेलो.

"बागेतलं गवत बंद करा."

"माज्या बागंला नावं ठेवतोस? माजी द्राक्षं मुंबईला जात्यात!"

"द्राक्षं जाऊ द्यात मुंबईला. गाय कुठं चालली, ते बघा."

बागायतदार खवळला. तेवढ्यात त्याची बायको गोठ्यातून आली, गवताची भरली पाटी उचलली आणि सगळ्यांदेखत उकिरड्यावर पालथी केली. "उद्यापासनं बांधावरचं आणीन," एवढंच म्हणाली.

बायकोवर ओरडायची छाती नव्हती, म्हणून त्यानं वरच्या ओळखी लावल्या. पंधरा दिवसांत आमच्या गड्याची जतला बदली!

निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "तिथं मेंढरं हायत, बागा न्हाईत. सुखानं मरतील बिचारी." मग दारात घुटमळला. "गौरीचं रगात महिन्यानं बघ. कुनी आणलं न्हाई, तर तू जा."

मी दोनदा गेलो. आकडे उतरत होते. त्याला कार्डं टाकली, उत्तर नाही.

पुढं एका दुपारी बागायतदाराची बायको किटली घेऊन लॅबमध्ये आली. "कालवड झाली गौरीला. पैला चीक हाय. डॉक्टरास्नी द्यायचा हुता."

त्याच्या बदलीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. ती बाकावर बसली. मग किटली माझ्याकडं सरकवून म्हणाली, "या उन्हात जतपतुर न्हाई टिकायचा. तुमीच खावा."

मोठ्या डॉक्टरांच्या घरी खरवस झाला. आम्ही लॅबच्या टेबलावरच खाल्ला. ताटात शेवटी एक वडी उरली. मोठ्या डॉक्टरांनी ताट माझ्याकडं सरकवलं, मी त्यांच्याकडं. ती तशीच राहिली.