संध्याकाळी सहाचा गारठा

मिशिगनमधल्या ज्या प्लांटवर मी काम करतो, तिथे लाकडाच्या ढलप्या जाळून वीज करतात आणि त्याच उष्णतेने तापलेलं पाणी पाइपांतून आसपासच्या घरांत हीटिंगसाठी सोडतात. संध्याकाळी विजेला भाव चढतो. तेव्हा वीज जास्त करायची आणि घरांचं पाणी कोमट ठेवायचं, ही अक्कल माझीच. "दोन-तीन तास कोणाला कळणारही नाही," असं मी मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं.

जानेवारीत ओळखीच्या एका काकूंकडे चहाला गेलो. त्या ह्याच पाइपांवरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. सहा वाजले होते आणि काकू स्वेटरवर शाल गुंडाळून बसल्या होत्या.

"रोज ह्याच वेळेला हीटर थंड पडतो रे. मलाच ते बटण नीट कळत नसेल. तुमच्याकडे होतं का असं?"

खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "हो काकू, आमच्याकडेही असंच."

आमच्या घरात हीटिंगला स्वतःचा गॅसचा फर्नेस आहे. मुलं भर थंडीत हाफ पँटवर हुंदडतात.

निघताना काकूंनी अंगावरची शाल काढून माझ्या हातात कोंबली. "पोरं गारठली असतील. त्यांना पांघरायला दे."

आणि मी ती घेतली.